राणीच्या बोटीतला आठवा

“फोटो झालो काय गो माझ्या नातीचो?” दारातूनच गिरजामावशीचा आवाज आला.

“झालाय की! पण आधी पाटी बाहेर ठेव आणि पदर पिळून ये. माझ्या कागदांवर थेंब पडला तर बघ!” मी आतून ओरडले.

मी तोंडाची फटकळ, पहिल्यापासूनच. माहेर कोल्हापूरचं. वडिलांचा तिथं फोटो स्टुडिओ होता, त्यांच्या हाताखाली मी रिटचिंग, म्हणजे फोटोवरची ब्रशाची दुरुस्ती, शिकले. त्या एका गुणावर मयेकरांनी मला कातळबंदरला सून करून आणली, नाहीतर माझ्या जिभेला कोकणात कोण विचारणार होतं! गिरजामावशीला मात्र माझी जीभ चालायची. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत, तेव्हा ती परसातली पडवळं आणि अळू विकायची आणि जाता जाता माझ्याकडे घटकाभर टेकायची. वय सत्तरीच्या बरंच पुढे गेलेलं, पण पाठ ताठ होती.

बहात्तर सालचा श्रावण होता आणि दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. आमचे हे फोटोचे कागद आणायला कोल्हापूरला गेले होते. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे गोपाळ मयेकर. कातळबंदरातला पहिला स्टुडिओ त्यांनी काढलेला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण ते आवाजावरून ओळखायचे. जेवून ते आतल्या खोलीत पडले होते.

मी मावशीच्या हातात तिच्या नातीचा फोटो दिला. स्थळांना दाखवायचा होता. पोरगी देखणी, फक्त कपाळावरच्या केसांत एक झुलूप जन्मापासून पांढरंफेक. मावशीच्या माहेरच्या रक्तात दर पिढीला एकाला तरी ते यायचंच. कपाळावर पांढरं असलेल्या बैलाला म्हणतात तसं गाव त्यांना ‘चांदे’ म्हणायचं. मावशीलाही होतं म्हणे, पण आता सगळंच डोकं पांढरं झाल्यावर ते कुठून दिसणार? नातीच्या फोटोतलं झुलूप मी ब्रशनं बेमालूम काळं करून टाकलं होतं.

“बरा झाला,” फोटो डोळ्यांशी नेत मावशी म्हणाली. “पळपुट्याची पणती म्हणान आधीच लोक नाक मुरडतत. वर ह्या केसांचा नको.”

“किती वर्षं धरून बसणार आहेत गं लोक? तुझ्या वडिलांनी पळून जाऊन ऐंशी वर्षं होत आली.”

“धरूक फोटो आसा मां भिंतीवर,” ती म्हणाली आणि तिची नजर माझ्या टेबलाकडे गेली. “ह्योच काय तो?”

तोच होता. बंदर कमिटीच्या हॉलची भिंत गळायला लागली, फ्रेमच्या आत बुरशी शिरली, म्हणून कमिटीनं तो माझ्याकडे साफ करायला दिला होता. फ्रेम काढून मी तो टेबलावर उघडा ठेवला होता. हॉलमध्ये तो पार आढ्याजवळ लटकायचा आणि बायका तिथं फारशा जात नसत. एवढ्या जवळून मावशी तो पहिल्यांदाच बघत होती.

त्या फोटोतली बोट कातळबंदरला ‘राणीची बोट’ म्हणून ठाऊक. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बुडत्यांना वाचवायला विलायतेहून आणलेली. दोन डोलकाठ्या, शिडं, बाजूनं वल्ही, आणि कितीही पाणी आत आलं तरी बुडू नये म्हणून काठाला बुचाच्या लाकडाचा जाडजूड पट्टा. खलाशांच्या अंगातही बुचाचीच जाकिटं. एका श्रावणात प्रवाशांचं गलबत बाहेरच्या खडकांवर चढलं. राणीची बोट गेली, बायकापोरं उचलून धक्क्याला आली, आणि उरलेल्यांना आणायला लगेच दुसऱ्या खेपेला निघाली. निघताना, शीड वर चढत असताना, बंदरावरच्या गोऱ्या साहेबानं धक्क्यावरून हा फोटो काढला. ती दुसरी खेप परत आली नाही. प्रवासी गेले, बोट गेली, आठही खलाशी गेले.

पण त्या दिवशी गावातून नऊ माणसं नाहीशी झाली होती. आठव्या जागेवर दोन नावं होती, भिवा मयेकर आणि धाकू कुबल. दोघांपैकी एक बुडाला आणि एक भर गर्दीत उतरून घाटवाटेनं पळाला. कोण बुडालं आणि कोण पळालं? धक्क्यावरचे लोक भिजलेली पोरं उतरवून घेत होते, बोटीकडे कुणाचं लक्ष होतं! प्रेतं मिळाली ती थोड्यांचीच. चाळीसएक वर्षं गाव नुसतं भांडत राहिलं.

भिवा मयेकर म्हणजे मामंजींचा बाप. धाकू कुबल हा गिरजामावशीचा. तेव्हा ही दोघं तान्ही होती, एकाच वाडीतली.

मग मामंजी मुंबईहून फोटोग्राफी शिकून आले. गोऱ्या साहेबाच्या कचेरीतला हा फोटो गोदामात सडत पडला होता, तो कमिटीनं त्यांच्याकडे साफ करायला दिला. साफ होऊन तो भिंतीवर चढला आणि भांडण मिटलं. डोलकाठीला हात लावून, डोक्याला मुंडासं बांधून, भिवा मयेकर उभा होता. त्या वर्षापासून नारळी पौर्णिमेला धक्क्यावरून आठ घरांचे आठ नारळ समुद्राला जातात, त्यातला पहिला आमच्या घरचा. मला त्या फोटोचा काय अभिमान होता, सांगू! बाकीचे सातजण लाटांकडे, दोरांकडे बघतायत आणि आमचे आजेसासरे तेवढे सरळ कॅमेऱ्यात बघतायत. नवी नवरी होते तेव्हा मी ह्यांना म्हटलंही होतं, ‘काय छातीचा माणूस हो, मरायला निघालाय आणि डोळा हलत नाही.’

“ह्या फोटोपायी माझ्या आयेचा काय झाला ठावक आसा तुका?” मावशी टेबलाशी वाकून म्हणाली.

“नाही गं. काय झालं?”

“बापूस गेलो तेव्हापासून ती कपाळ मोकळा ठेवी. म्हणायची, माझो घोव पळणारो न्हय, तो बुडालो. आणि फोटो भिंतीर लागलो त्या दिवशी वाडीतल्यो बायका घरात शिरल्यो. म्हणाल्यो, तुझो घोव जिवंत आसा, तू सवाष्ण. धरून तिच्या कपाळाक कुंकू लावल्यानी. रोज कोण तरी बघूक येय, लावलंस मां म्हणान. मरापर्यंत लावूक लागला तिका. हिरव्या लुगड्यात नेली.”

 बाईच्या कपाळाचं कुंकू पुसणारे हात मी पाहिले होते. जबरदस्तीनं लावणारे ऐकलेसुद्धा नव्हते.

“आणि बापाक अजून पाणी नाय,” ती म्हणाली. “भटजी म्हणता, पळालेल्या माणसाचा श्राद्ध कसा करतलंस? खय मेलो, मेलो की नाय, कोणाक ठावक? आता माझोच काय भरवसो? मी गेलंय काय त्येका विचारणारा कोण नाय.”

 मी उगीच बुरशी झाडायचा मऊ ब्रश उचलला. मामंजींनी सकाळीच दोनदा बजावलं होतं, ‘कुमुद, फक्त धूळ झाड. पाणी लावायचं नाही. कापूससुद्धा ओला करायचा नाही.’ मी बरं म्हटलं होतं. जुना कागद, जपायला हवाच, एवढंच मला वाटलं.

“ह्यो तुमचो भिवा,” मावशी म्हणाली. पावसातून आलेली, हाताचं पाणी अजून निथळत होतं. तिनं सरळ बोट उचललं आणि मुंडाशावर टेकवलं. “हय माझो बापूस उभो ऱ्हवलो असतो, तर...”

“अगं मावशे! हात ओला आहे तुझा! काय करतेस हे!” मी तिचं मनगट धरून मागे खेचलं.

उशीर झाला होता. तिच्या बोटाच्या पेरावर काळपट चिखल लागला होता. मुंडाशाची एक बाजू पुसली गेली होती.

पहिल्यांदा मी भडकलेच. कमिटीचा फोटो, उद्या पौर्णिमा, आता मी कुणाला काय सांगू! मग माझी नजर त्या पुसलेल्या जागेवर गेली. फोटो पाण्यानं असा उठत नाही. कागद फुगतो, सुटतो, पण माणूस बोटाला लागून येत नाही. बोटाला लागून येतो तो गोंदात कालवलेला रंग. तो मी रोज वापरत होते, मला वासानंसुद्धा कळला असता.

“काय झाला गो?” मावशी घाबरून गेली. “काय मोडलंय काय मी?”

“गप. जरा गप बस.”

मी भिंग घेतलं. मुंडासं पुसलं होतं तिथं खाली मोकळं डोकं होतं, वाऱ्यानं उडालेले केस. आणि त्या काळ्या केसांत कपाळावर एक पांढरी रेघ. बुरशीची असेल म्हणून मी नखानं हळूच खरवडून बघितली. जाईना. रेघ नव्हती ती, झुलूप होतं. शेजारीच मावशीच्या नातीचा फोटो पडला होता, त्यातलं असंच झुलूप मी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं काळं केलं होतं.

पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि भिवा मयेकराच्या तोंडावरून फिरवला. मिशी गेली. सरळ कॅमेऱ्यात बघणारे डोळे गेले. खालून दुसराच चेहरा वर आला, थोडा हललेला, पुसट. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. बुचाचं जाकीट घाईघाईनं चढवलेलं, एक बंद सुटा लोंबतोय, आणि मान वळवून तो धक्क्यावर कुणाला तरी बघतोय.

 मावशीनं आपल्या पांढऱ्या डोक्याला, कपाळाच्या वर, बोटांनी चाचपून बघितलं. मग एकाएकी तिनं टेबलाची कड घट्ट धरली. मी तिला खुर्चीवर बसवली.

आतून काठीचा आवाज आला. मामंजी दारात येऊन उभे राहिले.

“कोण आहे गं? गिरजा काय? एवढ्या गप्प का तुम्ही?”

“गोपाळा,” मावशी म्हणाली, “माझो बापूस गावलो.”

मामंजी जागच्या जागी थांबले. मला वाटलं, ते विचारतील, कुठं सापडला, कसा सापडला, काय बोलतेस हे. त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली आणि एवढंच विचारलं.

“पाणी लावलंस?”

बाप रे बाप! आयुष्यात मला पुष्कळ धक्के बसले, पण तसा नाही. देवासमोर बसावं तशी मी ह्या माणसासमोर बसून पुढचं काम शिकले होते. मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे फोटोत कसे उघडायचे, कुटुंबाच्या ग्रुपमध्ये गेलेल्या थोरल्याला मागच्या रांगेत कसं उभं करायचं, त्याची सावली कुठं पाडायची. ते म्हणायचे, गेलेल्याला घरच्यांच्यात बसवणं हे पुण्याचं काम. आणि हे काय केलं होतं?

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं. “तुम्हीच केलंत हे?”

ते भिंतीला हात लावत आले आणि मावशीच्या समोरच्या स्टुलावर बसले.

“मी गिरगावात एका स्टुडिओत होतो,” ते सांगायला लागले. मला सांगत होते की तिला, कळत नव्हतं. “एक म्हातारा रखवालदार फोटो काढायला आला. नाव सांगितलं भिवा. गाव विचारलं तर गप्प. पण बोलणं आपल्या मुलखाचं. मी म्हटलं, मी कातळबंदरचा, गोपाळ मयेकर, आईचं नाव अमुक. तो मटकन खालीच बसला. बापानं मुलाला पहिल्यांदा बघितल्यावर काय विचारावं? माझ्या बापानं विचारलं, ‘धाकू परत इलो?’”

मावशीनं पदराचा बोळा तोंडावर दाबला.

“पहिल्या खेपेला माझाच बाप गेला होता गं, गिरजा. बायकापोरं त्यानंच उचलून आणली. धक्क्याला लागल्यावर उतरला आणि परत चढायला त्याचे पाय उचलेनात. मला म्हणाला, ‘मी उतरलंय, जाकीट काढलंय, धाकून ता माझ्या हातातसून घेतल्यान आणि तो चढलो. माझ्याकडे वळान बघी होतो.’ आमची भेट झाल्यावर दोन वर्षांनी माझा बाप गेला. त्याचं सगळं मी केलं, मुंबईत, गुपचूप.”

“म्हणजे तुमच्या बापाचं सगळं झालं,” मी म्हणाले. माझा तोल सुटला होता. सासऱ्याशी असं बोलतात का, वगैरे काही सुचलं नाही. “आणि हिच्या बापाला पाणी नाही! हिच्या आईला बायका रोज कुंकू फासत होत्या, ते दिसत होतं ना तुम्हाला? तेव्हा तर डोळे चांगले होते!”

“दिसत होतं.”

“मग?”

“माझी आई मरायला टेकली होती. सारखं एकच विचारायची, गोपाळा, तुझा बाप बोटीत होता ना रे? त्याच आठवड्यात हा फोटो माझ्याकडे साफ करायला आला. बुरशी पुसल्यावर मला धाकू दिसला. मी आईला काय सांगू? गेलेला माणूस फोटोत बसवायचा, हे तर रोजचं काम. गिरगावातला फोटो समोर ठेवला, म्हाताऱ्याचा तरुण केला आणि बसवला. आईनं बघितला, हात फिरवला त्याच्यावरून. पहाटे गेली.”

मला एकदम उमगलं आणि मी विचारलं, कारण धंद्यातलं माणूस हे विचारणारच. “पण गोंदातल्या रंगात का? असं काम आपण पक्क्या रंगात करतो. ओल लागली की हा उठतो, तुम्हीच मला शिकवलंत.”

“दुसऱ्या दिवशी पुसायचा होता,” ते म्हणाले. “आईपुरताच होता तो. पण आईला न्यायला माणसं जमली. कुणीतरी टेबलावर बघितला. ‘अरे, भिवा बोटीत!’ म्हणून ओरडा झाला. आईच्या तिरडीपुढे फोटो धरून नेला त्यांनी. मग पुसायचा कसा?”

बाहेर पाऊस थांबला होता. मावशीच्या पाटीपाशी एक गाय येऊन अळूची पानं ओढत होती, आणि आमच्यातलं कुणी उठलं नाही.

मावशीनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मी धरून चालले होते की ती रडेल, शिव्याशाप देईल. माझ्या अंगणात उभं राहून तिनं आमच्या घराला तळतळाट दिला असता तरी मी ऐकून घेतला असता.

“तुझी आवस बघून गेली,” ती म्हणाली. “माझी तशीच गेली. उद्या धक्क्यार तूच सांगतलंस, गोपाळा. कुमुद नाय, मी नाय. तू.”

“सांगतंय,” मामंजी म्हणाले.

मावशी उठली. नातीचा फोटो तिनं टेबलावर तसाच ठेवला. “ह्या झुलपावरचा काळा पुसून दी. पांढराच ऱ्हवांदे,” म्हणाली आणि गाईला हाकलत पाटी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी पांढरं धोतर, काळा कोट, टोपी असा दरवर्षीचा पोशाख केला. मी त्यांचा हात धरून धक्क्यावर नेलं. दुसऱ्या काखेत कापडात गुंडाळलेला फोटो होता. बेंजो वाजत होता, होड्यांना पताका लावल्या होत्या, सगळं गाव लोटलं होतं. सरपंचांनी पुकारा केला, पहिला नारळ वीर भिवा मयेकरांच्या घरचा. बेंजो थांबला.

मामंजींनी नारळ छातीशी धरला. “ह्यो नारळ आमच्या घरचो न्हय,” ते म्हणाले. “ह्यो धाकू कुबलाचो. माझो बापूस दुसऱ्या खेपेक गेलोच नाय. तो मुंबयक मेलो. फोटोत त्येका मी रंगवलंय.”

पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याला चळ लागला, असं वाटलं असणार. मग मी फोटो उघडला आणि सरपंचांच्या हातात दिला. ते बघत राहिले. त्यांच्या खांद्यावरून दुसऱ्यानं बघितलं, त्याच्या मागून तिसऱ्यानं. गावातल्या कुणालाच ते झुलूप कुणाचं हे सांगायची गरज नव्हती. समोरच गिरजामावशीची नात उभी होती, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागे पडलेला. ज्यांच्या आज्यांनी, आयांनी मावशीच्या आईचं कपाळ धरून कुंकू लावलं होतं, त्या घरांतल्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या.

मावशी पुढं आली. मामंजींच्या हातातून तिनं नारळ घेतला. ते तिच्या पायांशी वाकायला गेले, तर तिनं त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, “ऱ्हवांदे. पडशीत पाण्यात.” मग तिनं नारळ टाकला.

ह्यांना कोल्हापूरहून परत आल्यावर कळलं तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. दिवाळीपर्यंत ते बापाशी बोलले नाहीत आणि माझ्याशीही जेवणापुरतंच. स्टुडिओच्या पाटीवर कुणी शेण मारलं, ते मी धुऊन काढलं. हे सगळं मी धरून चालले होते. त्याचं मला फार काही वाटलं नाही.

मला हादरवलं ते पुढच्याच महिन्यात, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी. मावशी पुन्हा दारात उभी. ह्या वेळी तिनं पदर पिळून, हात कोरडे करून मग आत पाऊल टाकलं. हातात एक जुना फोटो होता.

“भटजी तयार झालो,” ती म्हणाली. “बापाक पाणी देतंय. आयेचो फोटो बाजूक ठेवचो आसा. ह्यो एकच आसा तिचो. गोपाळानंच काढलेलो.”

फोटो छान होता. साठीची बाई, ताठ बसलेली, मावशीचंच तोंड. काळ्यापांढऱ्या फोटोत हातानं रंग भरलेला: लुगड्याला हिरवा, बांगड्यांना हिरवा, आणि कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू.

“काय करायचंय ह्याचं?”

“ता कुंकू पूस.”

 बाईमाणसानं आपल्या आईच्या कपाळाचं कुंकू पुसायला सांगायचं, आणि सवाष्णीनं ते पुसायचं? माझा हात आपोआप माझ्या कपाळाकडे गेला.

“मावशी, नको गं. लुगडं पांढरं करून देते हवं तर. हे माझ्याच्यानं...”

“पूस, कुमुद.” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मामंजी म्हणाले. धक्क्यावरच्या त्या दिवसानंतर ते फारसं बोलतच नसत. “पाण्यानं जाईल. तो रंग पण गोंदातलाच आहे.”

मी वाटी घेतली. कापूस भिजवला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि हळूच कपाळावरून फिरवला. कापूस लाल झाला. खालून काळा ठिपका वर येणार, हे मला माहीत होतं. त्या वेळच्या फोटोत कुंकू काळं येतं, मग आम्ही त्याच्यावर लाल रंग भरतो. तो ठिपका ब्लेडनं कसा खरवडायचा, ह्याचा विचार मी आधीच करून ठेवला होता.

ठिपका आलाच नाही. मी पुन्हा कापूस फिरवला, भिंग लावून बघितलं. खाली मोकळं, स्वच्छ कपाळ होतं.

“मामंजी,” मी म्हटलं, “खाली कुंकूच नाही.”

“नव्हतंच,” ते म्हणाले. “बायकांनी लावून पाठवली होती. माझ्यासमोर बसली, पदर घेतला आणि पुसून टाकलं. माझ्या डोळ्यांत बघत पुसलं. म्हणाली, ‘आता काढ.’ मी काढला. मग रात्री बसून रंगवलं.”

मावशीनं माझ्या हातातून फोटो घेतला. पदरानं ओलं कपाळ टिपलं, फार सांभाळून, तान्ह्या पोराचं तोंड टिपावं तसं.

“माका ठावक होता,” ती म्हणाली. “तिना घरी येऊन सांगलेला. चल, जातंय मी. उद्या दोघांक एकदम पाणी देतंय.”